आवाज वाढवण्याआधी

घरात होम थिएटर आले की पहिल्याच आठवड्यात दोन तक्रारी हमखास येतात. सोफ्यावरची नानी म्हणते, "काय बोलतात ते कळतच नाही, जरा मोठा कर." आणि खालच्या मजल्यावरून निरोप येतो की भिंती थरथरतात, बाळ झोपत नाही. मुले मग रिमोट घेऊन आवाज वर-खाली करीत बसतात. आम्हाला विचाराल तर दोन्ही तक्रारींचा इलाज त्या बटणात नाही, रिसीव्हरच्या सेटअप मेनूत आहे.

५.१ संचात पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. संवाद बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. स्फोट, गडगडाट हे सबवूफरचे काम. मुख्य आवाज वाढवला की सगळेच वाढते. वर्गात एका मुलाचे बोलणे ऐकू येत नसेल, तर आपण सगळ्या वर्गाला ओरडायला सांगत नाही!

मेनूत 'स्पीकर लेव्हल' शोधा आणि टेस्ट टोन सुरू करा. एकेका स्पीकरमधून खरखर ऐकू येईल. नेहमीच्या जागी बसून, कानाच्या उंचीवर मोबाइलमधले डेसिबल मोजणारे अॅप धरा आणि पाचही स्पीकर एका आकड्यावर आणा. ७५ डेसिबलचा प्रघात आहे. मोबाइलचा आकडा काटेकोर नसला तरी आपसातल्या तुलनेला पुरतो. खर्जासाठी मात्र त्यावर विसंबू नये. आता फक्त सेंटर दोन-तीन डेसिबलने चढवा. नानीचे काम झाले.

शेजाऱ्यांचे काम थोडे जिकिरीचे. ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. बोलण्याचा आवाज भिंत बराचसा अडवते, खर्ज मात्र आरपार जातो. पडदे-गालिचे त्याला रोखत नाहीत. म्हणून तो उगमापाशीच आवरायचा. सबवूफर कोपऱ्यात असेल तर भिंती आणि फरशी मिळून खर्ज फुगवतात. तो हातभर बाहेर ओढा. छोटे स्पीकर मेनूत 'स्मॉल' ठेवा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. ('लार्ज' लिहिल्याने स्पीकर मोठे होत नाहीत, पण मुलांना ते पटवणे कठीण.) सबवूफरच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची खुंटी शेवटच्या आकड्यावर फिरवा, नाहीतर एकाच आवाजाला दोनदा गाळणी लागते. आवाजाची खुंटी मध्यावर ठेवा आणि पुढची कमी-जास्ती मेनूतूनच करा.

इशानंतर काही पाहायचे असेल तर 'नाइट मोड' लावा. त्यात मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणे वर येते.

हे सगळे झाले की घरातल्या कोणाला तरी एखादा दणदणीत प्रसंग लावायला सांगा आणि स्वतः खाली शेजाऱ्यांकडे जाऊन बसा. तिथे अजून घुमत असेल, तर सबवूफर आणखी दोन डेसिबल खाली घ्या.