गुहेचं माप

सुरत म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. शिवाजी महाराजांची स्वारी आणि लग्नातल्या साड्या. पण याच सुरतेत राहणारा एक फ्रेंच तरुण 1760 मध्ये लेणी पाहायला निघाला होता. त्याचं नाव आंकतील द्युपेराँ. पारशांच्या दस्तुरांकडे अवेस्ता शिकायला तो 1758 मध्ये सुरतेला आला होता. तिथून त्याने मुंबईजवळचं साष्टी बेट गाठलं, कान्हेरीची लेणी पाहिली, घारापुरीही पाहिली. 1771 मध्ये पॅरिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने त्यांचं सविस्तर वर्णन केलं.

1763 मध्ये कार्स्टन नीबूर मुंबईत उतरला. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला हा मोजणीदार. घारापुरीला तो तीनदा गेला आणि लेण्याचा आराखडा काढून आला. 1764 मध्ये सुरतेला गेला, तेव्हा त्या शहराचाही नकाशा त्याने केला. द्युपेराँचं वर्णन वाचून लेणं डोळ्यांपुढे आणावं लागतं. नीबूरचा आराखडा हाती असला की कोणता खांब कुठे, हे बोट ठेवून दाखवता येतं.

हा फरक लहान लेण्यांच्या बाबतीत फार मोलाचा आहे. बोरिवली उपनगरातलं मागाठाण्याचं बौद्ध लेणं घ्या. या गावातली जमीन दान दिल्याचा उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखात आहे. आज ते लेणं वस्तीच्या गराड्यात सापडलं आहे आणि त्यातलं कोरीवकाम पार झिजलं आहे. अजिंठ्याकडे जगाचं लक्ष असतं. मागाठाण्याचा एखादा खांब ढासळला, तर तो कसा होता हे जुना आराखडाच सांगणार.

आणि कान्हेरी आपल्याला परकी नाही बरं का! राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले, नवव्या शतकातले लेख तिथे आहेत. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ 'कविराजमार्ग' त्याच्याच दरबारातला.

आपल्या गावाबाहेरच्या डोंगरातही एखादी गुहा असतेच. घरात कुणी तिला गुहा म्हणतं, कुणी गवी. सुट्टीत मुलांना घेऊन तिचं माप घ्या. तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत मधोमध एक दोरी ताणा. दर मीटरला दोरीपासून डावी-उजवी भिंत किती लांब, छत किती उंच, ते टेपने मोजून वहीत लिहा. होकायंत्राने तोंडाची दिशा पाहा. घरी आलेखाच्या कागदावर एक मीटरला एक सेंटिमीटर धरून ठिपके मांडा आणि जोडा. उत्तर दिशा आणि तारीख विसरू नका. संरक्षित लेणं असेल तर आधी परवानगी घ्या. वटवाघळं, आग्यामोहोळ दिसलं तर माघारी फिरा. भिंतीवर रेघ मात्र एकही ओढू नका.

कागदाची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. पन्नास वर्षांनी कुणीतरी ती उघडेल.