पट्टीच्या मापाचा कोर्स

'अमॉक्सिसिलिन ५०० मि.ग्रॅ., चार कॅप्सूल, शस्त्रक्रियेआधी एक तास, एकदाच' असे लिहून दिले की केमिस्ट पट्टी कापायला तयार होत नाही. पेशंट अख्खी पट्टी घेतो आणि पैसे मोजलेत म्हणून उरलेल्या कॅप्सूलही संपवतो, नाहीतर पुढच्या सर्दीसाठी डब्यात ठेवतो. अशी पत्रे वाचकांकडून वरचेवर येतात.

तक्रार रास्त आहे. पण केमिस्टवर तोंडसुख घेण्याआधी आपले पॅड पाहा. निरोगी पेशंट, दाताचे एकच इम्प्लांट, ग्राफ्ट नाही, तरी अमॉक्सिक्लॅव ६२५ दिवसातून दोनदा, पाच दिवस. पाचच का? दहा गोळ्यांची पट्टी तेवढ्यात संपते म्हणून! कोर्सची मुदत पॅकिंग ठरवते, खाली सही मात्र आपली.

दाताच्या इम्प्लांटच्या वेळच्या अँटिबायोटिकवरचा कॉक्रेनचा रिव्ह्यू २०१३ चा आहे. सहा चाचण्या, ११६२ पेशंट. पंचवीस जणांना आधी डोस दिला की त्यांतल्या एकाचे इम्प्लांट सुरुवातीलाच निकामी होणे टळते. नंतरच्या गोळ्यांनी त्यात भर पडते, असे काही त्यातून सिद्ध झालेले नाही. सायनस लिफ्ट किंवा मोठ्या ग्राफ्टचा विचार वेगळा. साखर ताब्यात नसेल तर गोळ्या वाढवू नका, तारीख पुढे ढकला.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र पाठवले: अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा. उत्तम. पण कारण लिहून चार कॅप्सूल मागितल्या तर त्या चारच मिळतील, याची सोय कोणी करायची? पत्र लिहायला शाई लागते, पॅकचा आकार बदलून घ्यायला कंपन्यांशी भांडावे लागते. तिथे सारे गप्प.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. औषध नियमांच्या परिशिष्ट 'के'नुसार नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे डेंटिस्टसुद्धा, दुकान न थाटता स्वतःच्या पेशंटला औषध देऊ शकतो. परवानाधारक विक्रेत्याकडून कॅप्सूल घ्या, बिले जपा, पेशंटला तासभर आधी बोलवा आणि वेटिंग रूममध्येच चारही कॅप्सूल समोर गिळायला लावा. कोणी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सांगितली तर थेट क्लिंडामायसिन लिहू नका. नेमके काय झाले होते, पुरळ की नुसते पोट बिघडले, ते आधी विचारा. केसपेपरवर डोस, वेळ आणि कारण नोंदवा.

आणि डेंटिस्ट संघटनेच्या आपापल्या शाखेच्या येत्या बैठकीत चार कॅप्सूलच्या पॅकचा ठराव मांडा. मंजूर ठरावाची प्रत आमच्याकडे पाठवा, शाखेच्या नावासह छापू. ज्या शाखांकडून काहीच येणार नाही, त्यांचीही नावे छापू.