माल कुठला?

रहस्यकथेचा वाचक पहिल्या पानापासून एकच प्रश्न मनात धरून असतो : हे कृत्य कोणी केले? पुराणवस्तूंच्या व्यापारातील रहस्यकथेत मात्र त्याच्याही आधी दुसरा प्रश्न उभा राहतो : ही वस्तू आली कुठून? इंग्रजी रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांचे पती मॅक्स मॅलोवन हे पुरातत्त्वज्ञ होते, त्यामुळे उत्खननाच्या छावण्यांतील जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ या कादंबरीत खुनाच्या जोडीने आणखी एक गुन्हा चालू असतो. उत्खननात मिळालेल्या मौल्यवान वस्तू हळूच उचलल्या जातात आणि त्यांच्या जागी हुबेहूब नकला ठेवल्या जातात. फडताळातील जागा रिकामी दिसत नाही, म्हणून चोरी कोणाच्या लक्षातही येत नाही.

पेढीवर बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. गाठोडे उघडून कोणी माल पुढे ठेवला की भाव ठरण्यापूर्वी विचारले जाते : माल कुठला, कोणाकडून घेतला, पावती आहे का? जुन्या वस्तूच्या बाबतीत या साध्या विचारपुशीचे मोल किती मोठे असते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातीलच एका उदाहरणावरून ध्यानात येते.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे पुरातन वस्तीस्थान आहे. 1958 साली बी. पी. बोपर्डीकर यांनी ते प्रथम उजेडात आणले. 1974 मध्ये तेथे एका शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना चार कांस्यशिल्पे सापडली. दोन बैल जुंपलेला आणि माणूस हाकत असलेला रथ, चाकांवर उभा असलेला रेडा, हत्ती आणि गेंडा अशी ती शिल्पे होत. रथाची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर. रेड्याची उंची 31 सेंटिमीटर, हत्तीची 25 सेंटिमीटर, तर गेंड्याची 19 सेंटिमीटर. आतून पोकळ नसलेल्या, भरीव ओतकामाच्या या चार वस्तूंचे एकूण वजन 60 किलोंहून अधिक भरते.

60 किलो धातू! मोडीच्या बाजारात त्याला वजनावारी भाव आला असता, आणि तो बाजार फारसा दूरही नव्हता. ही शिल्पे भट्टीत गेली असती, तर भारतीय धातुकलेचा एक अमोल ठेवा काही तासांत लगद्यात रूपांतरित झाला असता. सुदैवाने तसे घडले नाही. शिल्पे शासनाच्या ताब्यात आली, अभ्यासकांच्या हाती पडली, आणि आज ती राष्ट्राची ठेव म्हणून संग्रहालयांत सुरक्षित आहेत.

येथे चोर नाही, लबाड दलाल नाही. तरीही रहस्य उरलेच. ही शिल्पे कोणत्या काळातील? म. के. ढवळीकर, एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या विद्वानांनी ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे 4,000 वर्षांपूर्वीची मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाच्या आधारे शंका उपस्थित केली. या शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळते. त्या काळच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण दिसत नाही. त्यामुळे ती बरीच नंतरची असावीत, असे त्यांचे म्हणणे. पुढे दायमाबादला साळी यांच्या देखरेखीखाली अनेक हंगाम उत्खनन झाले आणि एकावर एक वसलेल्या संस्कृतींचे थर उलगडले. पण या चार शिल्पांचा वाद पूर्णपणे मिटला नाही.

याचे कारण उघड आहे. उत्खनन करणारा अभ्यासक वस्तू उचलण्यापूर्वी तिच्या भोवतालची माती वाचतो. ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरे होती, राख होती की धान्य, याची नोंद होते. ही माती म्हणजे वस्तूची जन्मपत्रिका. मुळे काढण्यासाठी चाललेल्या कुदळीला हे कळण्याचा मार्ग नव्हता. प्रामाणिक माणसाच्या हातून, कोणताही गुन्हा न होता, वस्तू आपल्या जागेपासून अलग झाली आणि अर्ध्या शतकाचा वाद मागे राहिला. मग जेथे ही जन्मपत्रिका हेतुपुरस्सर फाडली जाते, तेथे काय होत असेल?

तमिळनाडूतील श्रीपुरंदन येथील नटराजाची कथा याचे उत्तर देते. वापरात नसलेल्या एका देवळातून ही कांस्यमूर्ती चोरीस गेली आणि न्यूयॉर्कमधील व्यापारी सुभाष कपूर याच्यामार्फत 2008 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती सुमारे 50 लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतली. सोबत कागदपत्रे होती. मूर्ती भारताचा पुराणवस्तू कायदा होण्यापूर्वीच देशाबाहेर गेली होती, असे त्यांत भासवलेले होते. ती कागदपत्रे बनावट निघाली. चोरी उघड झाली ती छायाचित्रांमुळे. पाँडिचेरी येथील फ्रेंच संशोधन संस्थेने पूर्वी दक्षिणेतील देवळांची पद्धतशीर छायाचित्रे काढून ठेवली होती. त्यांतील नटराज आणि कलादालनातील नटराज एकच असल्याचे पटले. 2014 च्या सप्टेंबरमध्ये मूर्ती भारताला परत मिळाली, आणि 2022 च्या नोव्हेंबरमध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने कपूर याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाहून आणखी 29 वस्तू परत आल्या. त्यांत जैन परंपरेतील शिल्पेही होती.

महाराष्ट्रातही असा प्रसंग घडला आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये जालना जिल्ह्यातील जांब समर्थ या समर्थ रामदासांच्या जन्मगावी श्रीराम मंदिरातील पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. विधिमंडळातही हा विषय निघाला आणि पोलिसांच्या तपासाला त्याच वर्षी यश आले. ज्या मूर्ती गावाच्या रोजच्या दर्शनातल्या असतात, त्यांची चोरी दुसऱ्या सकाळीच कळते. बंद देवळातील किंवा अडगळीच्या खोलीतील वस्तू गेल्याचे कळायला मात्र वर्षे लागतात. चोरही नेमकी तीच जागा हेरतो.

आता या साऱ्या व्यवहाराकडे श्रावकाचाराच्या दृष्टीने पाहावे. प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार नित्य आठवले जातात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही ते सांगितलेले आहेत. स्तेनप्रयोग, म्हणजे चोराला चोरीस प्रवृत्त करणे. स्तेनाहृत, म्हणजे चोरून आणलेला माल घेणे. विरुद्ध राज्यातिक्रम, म्हणजे राज्याची बंदी मोडून व्यापार करणे. खोटी वजने व मापे वापरणे. आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली माल अस्सल म्हणून खपवणे. पुराणवस्तूंच्या काळ्या बाजाराचे याहून नेमके वर्णन शोधूनही सापडणार नाही. गिऱ्हाईक आधी ठरते, मग मूर्ती उचलली जाते : हा पहिला अतिचार. दलाल ती घेतो : दुसरा. सीमेबाहेर पाठवतो : तिसरा. जुने कोरीवकाम असलेला धातू मोडीच्या भावात तोलून घेतला जातो, तेव्हा तराजू खरा असला तरी तोललेले मूल्य खोटे असते, म्हणून चौथ्याची छाया तेथेही पडते. आम्लाने काळवंडवलेली ताजी मूर्ती प्राचीन म्हणून विकणे हा पाचवा. या पाचांत स्वतः कुलूप तोडणाऱ्याचा उल्लेखही नाही, कारण ती तर उघड चोरी. अतिचारांचा रोख आहे तो दुकानात बसलेल्या, हात स्वच्छ आहेत असे मानणाऱ्या गृहस्थावर.

राज्याची बंदी कोणती, हेही माहीत असावे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. 1972 चा पुराणवस्तू व कलानिधी कायदा 1976 पासून अमलात आहे. त्यानुसार किमान 100 वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू ही पुराणवस्तू ठरते; हस्तलिखितासाठी ही मर्यादा 75 वर्षे आहे. खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. देशात तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करणे मालकावर बंधनकारक असते.

हस्तलिखितांची ही तरतूद स्थानकवासी घरांनाही लागू पडते. देव्हाऱ्यात मूर्ती नसली तरी पणजोबांच्या पेटीत आगमांची हस्तलिखित पोथी असू शकते. अशा पोथीच्या शेवटच्या पानावर बहुधा लेखकाचे नाव, संवत, गाव आणि ती कोणाच्या वाचनासाठी लिहिली याची नोंद असते. पश्चिम भारतातील जुन्या जैन धातुमूर्तींच्या पाठीवरही संवत, मूर्ती भरवणाऱ्या श्रावकाचे घराणे आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरलेले आढळते. मूर्तीची पावती अशी मूर्तीवरच असते. पोथीची चित्रे असलेली पाने सुटी करून विकली जातात, तेव्हा शेवटचे पान बाजूला पडते. त्या घराण्याची ओळख देणारा तो एकमेव कागद असतो.

व्यापारी घराण्यांत वर्षअखेरीस शिलकी मालाची मोजदाद होते. त्याच शिस्तीने घरातील व स्थानिक मंदिरातील, उपाश्रयातील जुन्या वस्तूंची एक स्वतंत्र वही करता येईल. प्रत्येक वस्तूचे समोरून, मागून व तळाकडून छायाचित्र, उंची व वजन, कोरलेला लेख जसाच्या तसा, आणि ती कोणत्या पिढीत कोणाकडून आली याची वडीलधाऱ्यांना विचारून घेतलेली माहिती. कायद्याने नोंदणी लागत असेल तर तिचा दाखला त्याच पानाला जोडावा. वहीची एक प्रत घरात आणि एक प्रत घराबाहेर विश्वासू ठिकाणी असावी. आजी-आजोबांची स्मृती शाबूत आहे तोवर या कामाला एक दुपार पुरते. नंतर तीच माहिती मिळवायला न्यायालय, संग्रहालय आणि संशोधक यांची वर्षे खर्ची पडतात, आणि दायमाबादप्रमाणे तरीही उत्तर हाती लागेलच असे नाही.