वाट न पाहण्याची सोय

मराठीत आपण कुणाची तरी 'वाट पाहतो'. या वाक्प्रयोगात डोळ्यांसमोर एक वाट असणे गृहीत आहे : गाडी ज्या रस्त्याने यायची तो रस्ता, माणूस जिथे प्रथम दिसायचा ते वळण. आमच्या साखऱ्याच्या परिसरात, सेनगाव तालुक्यातल्या कोणत्याही फाट्यावर, एस.टी.ची वाट आजही याच अर्थाने पाहिली जाते. विमानकंपन्यांनी विमानतळांवर थाटलेल्या लाउंजांविषयी लिहिताना आम्हांला या शब्दाची आठवण होते. कारण तिथे सर्व काही असते, वाट तेवढी दिसत नाही.

लाउंजमधील सुख खोटे असते, असा दांभिक पवित्रा आम्ही घेणार नाही. एका चर्चासत्राच्या आयोजकांनी काढून दिलेल्या तिकिटामुळे आम्हा दोघांना एका मोठ्या विमानतळावरील अशा दालनात तीन तास बसता आले. रात्रभराच्या बसप्रवासाने अवघडलेल्या पाठीला रुंद खुर्ची मिळाली. स्वच्छ प्रसाधनगृह, हवा तितका चहा आणि निबंधावरून शेवटची नजर फिरवता येईल इतकी शांतता मिळाली. उणिवाही होत्या. पोहे गार होते, वर्तमानपत्रांत मराठी एकही नव्हते, आणि विमानाच्या घोषणा आत होत नसल्याने दर पाच मिनिटांनी मान वळवून फलक वाचावा लागे. पण या उणिवा किरकोळ. आमचा आक्षेप निराळा आहे.

असे पहिले दालन अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उघडले. सुरुवातीला तिथे निमंत्रितांनाच प्रवेश होता. सभासदत्व विकत मिळू लागले ते पुढे. आपल्याकडे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली एअर इंडियाचा 'महाराजा' घडवला आणि पुढे त्याच्याच नावाने लाउंज सजले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. विमानतळावरचा महाराजा मात्र कायम राहिला. आता बँकांच्या कार्डांवरही हे दार उघडते, त्यामुळे गर्दीच्या वेळी लाउंजबाहेरच रांग लागते. रांग टाळण्यासाठी लावलेली ही रांग विनोदी लेखकाला आयती मिळालेली आहे.

प्रश्न आत काय मिळते हा नाही, ते बाहेर का मिळत नाही हा आहे. बाहेर पुरेशा खुर्च्या असत्या आणि चहा परवडता, तर आतल्या खुर्चीची निम्मी किंमत उतरली असती. शिवाय ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते ते अधिकारी, लोकप्रतिनिधी, संपादक आणि क्वचित आमच्यासारखे प्राध्यापकही आत जाऊन बसतात. बाहेरच्या बाकाला मग वकील उरत नाही. लाउंजची सर्वांत मोठी उणीव आम्हांला हीच वाटते.

प्रतीक्षेच्या जागा आपल्याकडे कधीच निरागस नव्हत्या. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात १९०१ सालचा मसूर स्टेशनवरील प्रसंग सांगितला आहे. वडिलांकडे निघालेल्या मुलांचा नीटनेटका पोशाख पाहून विचारपूस करणारा स्टेशनमास्तर जात कळताच पाठ फिरवतो, आणि भाड्याची बैलगाडीही त्यांना सहजी मिळत नाही. लाउंजच्या दाराची आणि त्या प्रसंगाची आम्ही बरोबरी करीत नाही. कार्ड मिळवता येते, जात बदलता येत नाही. तथापि वाट पाहणाऱ्यांची प्रतवारी लावण्याची सवय आपल्या समाजात किती सहज मुरते, हे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

आमच्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना देवळामागे धाडले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. मागे घालवलेल्या माणसाकडे दाराने वळावे, ही अपेक्षा लोकांनी त्या कथेत शतकानुशतके जपली आहे. आधुनिक इमारती फिरत नाहीत. धोरणे फिरू शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाले, तेव्हा तिथे दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा मिळू लागला. पाऊल लहान असले तरी दिशा योग्य आहे.

लाउंज बंद करावेत, असे आमचे म्हणणे नाही. पैसे मोजून कुणी मऊ खुर्चीत बसत असेल तर त्याने खुशाल बसावे. परंतु पाठ टेकणे, पाणी पिणे आणि स्वच्छ प्रसाधनगृहात जाणे या गोष्टींची गणना चैनीत होऊ नये. विमानतळावर होऊ नये आणि फाट्यावर तर मुळीच होऊ नये. उन्हात तास-दीड तास एस.टी.साठी उभ्या राहणाऱ्या बाईला छप्पर, पाणी आणि स्वच्छतागृह मिळते का, हे पाहून प्रवासी सोयींचे मोजमाप व्हावे. तिची वाट लांबची आहे, आणि ती अजूनही खरोखरच वाट पाहते आहे.