ढासळलेल्या मठातील राणी

हैदराबादेत हबसीगुड्याहून उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘सीसीएमबी’ या आद्याक्षरांनी सर्वांस परिचित असलेली संशोधनसंस्था आहे. पेशी आणि रेणू यांच्या जीवशास्त्राचे हे केंद्र १९७७ साली स्थापन झाले. आपल्यापैकी कित्येकजण तिच्या फाटकावरून रोज कामावर जात असतील. चारशे वर्षांपूर्वी श्रद्धेसाठी प्राण वेचलेल्या एका राणीच्या अस्थीची परीक्षा याच संस्थेत झाली, आणि ती अस्थी गोव्यातील एका पडक्या मठाच्या ढिगाऱ्यातून निघाली होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या मठाचे व त्या राणीचे वृत्त आज वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे.

पडके मठ म्हटले की इंग्लंडचे नाव प्रथम आठवते. आठव्या हेन्री राजाने १५३६ ते १५४० या अवधीत तेथील मठ बंद केले, छपरांवरील शिसे उतरविले, आणि टिंटर्न, फाउंटन्स यांसारख्या मध्ययुगीन मठांच्या उघड्या भिंती तेवढ्या कुरणांत उभ्या राहिल्या. आज लोक तेथे सहलीस जातात. आपल्या बाजूस असे दृश्य पाहावयाचे तर वसईचा किल्ला आहे, आणि त्याहूनही भव्य असे जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष आहेत. त्यांचा काळ मध्ययुगानंतरचा. परंतु मठ ओसाड होण्याची रीत तीच, म्हणजे प्रथम सरकारी हुकूम आणि मागाहून पाऊस.

ऑगस्टिनियन व्रतस्थ १५७२ साली गोव्यास आले. मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, या नावाच्या उंचवट्यावर त्यांनी मठ बांधला व त्याला लागून कृपामातेचे विशाल ख्रिस्तमंदिर १५९७ साली आरंभून १६०२ साली पुरे केले. आत आठ उपमंदिरे व चार वेद्या होत्या. दर्शनी भागावर उंच मनोरे होते. त्यांपैकी एकाचा अर्धाच भाग आज उरला असून त्याचीच उंची सुमारे ४६ मीटर आहे. सारे बांधकाम जांभ्या दगडाचे. हा दगड ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांस त्याचा स्वभाव सांगावयास नको. अंगावर चुन्याचा गिलावा आहे तोवर तो शतकानुशतके तग धरतो. गिलावा सुटला की कोकणातला पाऊस त्याच्या छिद्राछिद्रांत शिरतो, फटींत रोपे रुजतात, आणि भिंत आतून खिळखिळी होते.

वाटाडे येथे भूकंपापासून शत्रूच्या स्वारीपर्यंत काहीबाही कारणे सांगतात. वस्तुस्थिती अधिक साधी, आणि माझ्या मते अधिक दुःखद आहे. पोर्तुगालच्या सरकारने १८३४ साली पुरुष व्रतस्थांचे संघ बरखास्त केले. तो हुकूम १८३५ साली गोव्यात अंमलात आला. व्रतस्थ निघून गेले. एवढ्या मोठ्या वास्तूचे छप्पर शाकारावयास, पन्हळी साफ करावयास, गिलावा लावावयास कोणी उरले नाही. अवघ्या सात वर्षांत, १८४२ साली, मंदिराची अवजड कमान कोसळली. १९३१ साली दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला आणि १९३८ साली आणखी काही भाग गेला. जे दोनशे तीस वर्षे अनेक हातांनी जपले, ते शंभर वर्षांत मोडले.

आता त्या राणीविषयी. केटेवान ही जॉर्जिया देशातील काखेती राज्याची राणी. इराणचा शाह अब्बास तिच्या देशावर चालून आला तेव्हा पुत्र तैमुराझ याच्या राज्यासाठी रदबदली करावयास ती १६१४ साली त्याच्याकडे गेली. शाहाने तिला परत जाऊ दिले नाही. शिराझ येथे सुमारे दहा वर्षे ती बंदिवासात होती. अखेर श्रद्धा सोडण्याचा हुकूम तिने नाकारला आणि १६२४ साली तापविलेल्या सांडशींनी तिचा छळ करून तिला ठार मारण्यात आले. शिराझमध्ये त्या वेळी ऑगस्टिनियन धर्मगुरू होते. त्यांनी तिचा देह गुप्तपणे उकरून काढून लपवून ठेवला आणि १६२७ साली काही अस्थी गोव्यास आणल्या. दुसरा भाग १६२८ साली जॉर्जियात तिच्या पुत्राकडे पोहोचविला. राणी ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची, धर्मगुरू रोमन कॅथोलिक. त्या काळी या दोन सभांत किती अंतर होते हे ध्यानात घेतले म्हणजे या कृत्याची थोरवी कळते.

पोर्तुगीज कागदपत्रांत एक बारीक नोंद राहिली होती. मठवासी विचारविनिमयासाठी जेथे एकत्र जमत त्या चॅप्टरच्या दालनात, ‘पत्राच्या बाजूस’, दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत राणीच्या अस्थी ठेवल्या आहेत. वडील वाचकांस आठवेल, जुन्या मिस्सामध्ये प्रेषितांच्या पत्राचे वाचन वेदीच्या उजव्या अंगास होत असे; ती पत्राची बाजू. परंतु दालनच कोसळलेले, तेव्हा दुसरी खिडकी कोठली ओळखावयाची? १९८९ पासून जॉर्जियाहून शोधपथके येत राहिली. मातीचे ढीग उपसणे, जमिनीचे आराखडे ताडून पाहणे हे काम भारतीय पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षे चिकाटीने केले. दालनाची रचना उलगडली, खिडकी निश्चित झाली, पेटीचे झाकण मिळाले, आणि २००४ साली तेथे हाताच्या हाडाचा एक भाग हाती आला.

हे हाड कोणाचे, हा प्रश्न हैदराबादेस आला. मनुष्याच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांतील डीएनए अपत्यास केवळ मातेकडून मिळतो. पुत्रास तो मिळतो, पण पुत्र तो पुढे देत नाही. म्हणून त्यावरून आई, आजी, पणजी अशी मातृवंशाची वाट मागे शोधता येते. सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी त्या जुन्या हाडातून हा डीएनए वेगळा केला. त्याचा वंशगट ‘यू-१-बी’ निघाला. भारतातील बावीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांशी तो ताडून पाहिला. एकातही तो आढळला नाही. जॉर्जियाच्या तीस नमुन्यांपैकी दोहोंत मात्र तो सापडला. २०१३ च्या अखेरीस हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

शास्त्रज्ञांनी आपल्या निष्कर्षात हे हाड बहुधा केटेवान राणीचे असावे, एवढेच म्हटले. काही भाविकांस हा ‘बहुधा’ खटकतो. मला तो फार मोलाचा वाटतो. प्रयोगशाळा राणीचे नाव सांगू शकत नाही. ती एवढेच सांगते की, या व्यक्तीचा मातृवंश या भूमीतला दिसत नाही, तो त्या दूरच्या प्रदेशात आहे. नाव सांगतो तो जुना कागद, आणि जागा दाखविते ती खिडकी. तीन साक्षी एकमेकांस न विचारता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा त्यांपैकी प्रत्येकीने आपल्या मर्यादेत बोलणे हेच तिच्या खरेपणाचे लक्षण. पवित्र अवशेषांच्या नावाखाली जगात पुष्कळ फसवणूक झालेली आहे, हे ख्रिस्तसभेसही ठाऊक आहे.

२०१७ साली या अस्थी जॉर्जियातील भाविकांच्या दर्शनार्थ तेथे नेल्या गेल्या आणि पुढील वर्षी परत आल्या. जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यांचा एक भाग तिब्लिसी येथे त्या देशास कायमचा अर्पण केला. गोव्याचा ठेवा गेला अशी हळहळ काहींनी व्यक्त केली. ती मला पटत नाही. एक वाटा तिच्या देशास, एक वाटा आपल्याकडे, ही वाटणी त्या धर्मगुरूंनीच १६२८ साली घालून दिली होती.

येत्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या सणास जे वाचक हैदराबादहून गोव्यास जातील, त्यांनी बॉम जेझूवरून पश्चिमेकडची चढण अवश्य चढावी. वाटेत उजवीकडे सांता मोनिका हा धर्मभगिनींचा जुना मठ लागतो. तो धडधाकट आहे, कारण तो वापरात राहिला. अवशेषांत शिरल्यावर बहुतेक लोक मनोऱ्याचे छायाचित्र घेऊन परततात. तसे करू नये. उपमंदिरांच्या भिंतींवर निळ्या रंगाच्या चिनी मातीच्या फरशा अजून चिकटून आहेत. पायाखालच्या शिळांवर नावे कोरलेली आहेत, त्या थडग्यांच्या शिळा होत, तेव्हा पाऊल जपून टाकावे. चॅप्टरचे दालन कोठे आहे हे तेथील पहारेकऱ्यास विचारावे. आणि पणजीस मुक्काम असेल तर निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चमधील घंटा ऐकावी. ती या ढासळलेल्या मनोऱ्यातली आहे. मठ ओस पडल्यावर ती प्रथम आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहात नेली गेली आणि १८७१ साली पणजीस आली.