मदतीलाही वाफसा असतो

जमिनीत बी केव्हा टाकावे हे कास्तकाराला कोणी शिकवावे लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर रानात चिखल असला तर तो थांबतो, आणि रान सुकून ढेकळे झाली तरीही पेरीत नाही. या दोन अवस्थांच्या मध्ये जे चार दिवस हाती लागतात त्यांना तो वाफसा म्हणतो. ते चुकले की उत्तमातले उत्तम बियाणेही वाया जाते. नैसर्गिक आपत्तीनंतर सरकार जी मदत देते तिलाही असाच वाफसा असतो, ही साधी गोष्ट मात्र आपल्या राज्यकारभाराच्या अजून ध्यानी आलेली दिसत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याला आणि विदर्भाला अतिवृष्टीने झोडपून काढले. ७ ऑक्टोबर रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली आणि ती दिवाळीपूर्वी पोहोचेल असा शब्दही दिला. आकडा लहान नव्हता, आणि देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. परंतु दिवाळी उलटली तरी खात्यात काही जमा झाले नाही, अशा तक्रारी गावोगावहून येत राहिल्या. सरकार आकड्याविषयी बोलत होते. लोक तारखेविषयी विचारीत होते. गेल्या अनेक वर्षांत शासन आणि शेतकरी यांच्यामधले अंतर ज्या कारणाने वाढले, ते या दोन भाषांच्या विसंवादात सापडेल.

तारखेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी तिवसा तालुक्यासारख्या भागातील शेतीचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे लागेल. नागपूर-अमरावती मार्गावरचा, वर्धा नदीच्या काठाने पसरलेला हा तालुका. सोयाबीन, पऱ्हाटी आणि तूर ही येथील मुख्य पिके. जेथे पाणी आहे तेथे संत्र्याच्या बागा. यांपैकी सोयाबीन हे दसरा-दिवाळीचे पीक. त्याची सोंगणी झाली की घरात वर्षातला पहिला रोख पैसा येतो. त्या पैशातून दुकानदाराची उधारी फिटते, मजुरांची मजुरी चुकती होते, लेकीबाळींची दिवाळी होते आणि हरभऱ्याचे बियाणे येते. सप्टेंबरअखेरीस शेतात पाणी साचले, शेंगांना कोंब फुटले की हा सारा क्रमच तुटतो. पऱ्हाटीचा पैसा पुढे आहे, तुरीचा त्याहून पुढे. मधल्या सहा-आठ आठवड्यांत ज्याच्यापाशी काही शिल्लक नाही, तो सावकाराच्या दारी जातो. म्हणून ऑक्टोबरात मिळालेले दहा हजार आणि जानेवारीत मिळालेले दहा हजार सरकारी हिशेबात सारखे असले, तरी कास्तकाराच्या हिशेबात ते सारखे नसतात. पहिल्या दहा हजारांनी रब्बीची पेरणी होते. दुसरे दहा हजार सावकाराच्या व्याजात जातात.

मदत आणि तिचा लाभार्थी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या पायऱ्या मोजून पाहिल्या म्हणजे विलंब कसा होतो ते उमगते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. मंडळातील पर्जन्यमापकावर ढग कमी बरसला आणि चार कोसांवरील नाल्याने शिवार खरडून नेले, तर वाद तेथूनच सुरू होतो. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषि सहायक यांनी मिळून करावयाचा पंचनामा. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक ठरले पाहिजे. पंचनाम्यावरून याद्या, याद्या तहसिलातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला, विभागातून मंत्रालयाला. तेथून निर्णय, निर्णयामागून निधी. त्यानंतर प्रत्येकाच्या नावे एक विशिष्ट क्रमांक, आणि तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा उमटविण्याची रांग. २०२५ मध्ये ज्यांच्यापाशी शेतकरी ओळख क्रमांक होता त्यांना या शेवटच्या सोपस्कारातून मोकळीक मिळाली, हे मान्य केले पाहिजे. यांतील प्रत्येक पायरीला काही ना काही सबळ कारण आहे. दोष पायऱ्यांचा नाही. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर किती दिवसांत जावयाचे हे कोठेही बांधलेले नाही, हा दोष आहे.

या दिरंगाईची लोकांत जी प्रतिक्रिया उमटते तिचे स्वरूप वर्षानुवर्षे पालटत गेले आहे. पूर्वी निवेदने दिली जात. तहसील कचेरीवर पाच-पंचवीस माणसे जात, अर्ज देत आणि पोच घेऊन परतत. २०२५ मध्ये ही पायरी बरीच मागे पडल्याचे दिसले. त्या वर्षी जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी याच तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथे कर्जमाफीसाठी अन्नत्याग केला. ऑक्टोबरअखेरीस ट्रॅक्टर घेऊन निघालेल्या शेतकऱ्यांनी नागपूरनजीक महामार्ग रोखून धरला, आणि ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय करण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. त्या आंदोलनाच्या सर्वच मागण्या वा पद्धती सर्वांना पटतील असे नाही. परंतु वाहतूक अडल्याशिवाय तारीख मिळत नाही, असा अनुभव जनतेला एकदा आला की पुढच्या खेपेस ती अर्ज लिहिण्यात वेळ दवडीत नाही. हा धडा शासनानेच तिला दिलेला असतो.

याच सुमारास अकोला जिल्ह्यात जे घडले ते आवाजाने लहान, पण अर्थाने मोठे होते. तेथील काही कास्तकारांच्या खात्यांत पीकविम्यापोटी तीन रुपये, एकवीस रुपये अशा रकमा जमा झाल्या. त्यांनी धनादेश लिहून त्या जिल्हाधिकाऱ्यांकडे परत केल्या. दगड उचलला नाही, रस्ता अडविला नाही. राज्यकर्त्यांनी या प्रकाराकडे मोर्चांहून अधिक गांभीर्याने पाहावयास हवे. रागावलेला माणूस अजून काही अपेक्षा बाळगून असतो. ज्याने पैसे परत केले त्याने आपण याचक नाही हे सांगितले. आणि जो यापैकी काहीच करीत नाही, नुसता ओसरीवर बसून राहतो, त्याच्या मौनाची नोंद तर कोणत्याच पंचनाम्यात होत नाही. वऱ्हाडात या मौनाचा शेवट अनेक घरांत कसा झाला, हे सांगण्याची गरज नाही. त्याच कारणाने १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांना विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटींची योजना जाहीर करावी लागली होती.

सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पैसा जनतेचा आहे. तो पाहणीवाचून वाटला तर लबाडांचे फावते, असे अधिकारी म्हणतात आणि ते खोटे नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या एक रुपयातील पीकविमा योजनेत बनावट अर्ज शिरले, आणि २०२५ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. तिच्याबरोबर स्थानिक आपत्तीसाठी मिळणारी भरपाईही त्या खरिपात गेली व विम्याचा सारा भार पीक कापणी प्रयोगांवर आला. लबाडी काहींनी केली, संरक्षण सर्वांचे गेले. गैरप्रकार रोखणे म्हणजे प्रामाणिक माणसाला ताटकळत ठेवणे, असे समीकरण मांडण्याचे काहीच कारण नाही. पडताळणी मदत दिल्यानंतरही करता येते, आणि जास्त गेलेले वसूल करण्याचे सारे अधिकार महसूल खात्यापाशी पूर्वीपासून आहेत.

शिवाय ठरविले तर हीच यंत्रणा धावू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तेथे पोहोचले होते. त्याआधी, ३० जुलै १९९१ रोजी, याच वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड गावात दोनशेहून अधिक बळी घेतले, आणि पुढे ते गाव नव्या जागी वसविले गेले. प्रेते दिसली म्हणजे राज्य जागे होते. पिकाचे मरण मात्र दिसत नाही. कुजलेल्या सोयाबीनची गंजी हेलिकॉप्टरमधून हिरवट पिवळीच दिसते. म्हणून ज्या आपत्तीत माणसे एकदम मरत नाहीत, हळूहळू मोडतात, तिच्यासाठी घाई करण्याची सवय यंत्रणेला मुद्दाम लावावी लागते.

हे शहाणपण नवे नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने सर अँटनी मॅक्डॉनेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. संकटाची चाहूल लागताच तगाई द्यावी, सारावसुली थांबवावी आणि लोकांचे मनोधैर्य खचण्यापूर्वीच त्यांना आधार द्यावा, असे त्याने १९०१ मध्ये सांगितले. परक्या सरकारने नेमलेल्या आयोगाला जे कळले ते आपल्या माणसांच्या सरकारला कळू नये, याचे वाईट वाटते.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, मदतीचे दोन भाग करावेत. मंडळात अतिवृष्टीची नोंद होताच किंवा पुराचे पाणी शिवारात शिरल्याचे ग्रामसभेने कळविताच, पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक बाधित खातेदाराला अग्रिम रक्कम मिळावी. उरलेली रक्कम पंचनाम्यानंतर. २०२५ च्या मदतीत रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार रुपये धरले होते. ते तिफण रानात जाण्यापूर्वी हाती आले तरच त्या तरतुदीला अर्थ. दुसरी गोष्ट, पंचनाम्याची प्रत दिनांकासह शेतकऱ्याच्या हाती द्यावी आणि याद्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. खोटी नावे गाव जितक्या लवकर ओळखते तितकी कोणतीही संगणकप्रणाली ओळखीत नाही.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोणत्याही कर्मचाऱ्यापाशी फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असा कायदा याच राज्याने २००५ साली केलेला आहे. आपत्तीच्या फाइलीला तो कठोरपणे लागू झाला पाहिजे. आणि पीकविम्याच्या नियमांत विलंबाबद्दल कंपनीने बारा टक्के व्याज द्यावे असे २०१८ मध्ये ठरविले गेले, तेच तत्त्व सरकारने स्वतःच्या मदतीलाही लावून घ्यावे. कंपनीचा उशीर हा गुन्हा आणि शासनाचा उशीर हा रिवाज, हा न्याय टिकणारा नाही. उशिराची किंमत आज एकटा कास्तकार मोजतो. ती तिजोरीला मोजावी लागली की पायऱ्या आपोआप कमी होतील.

मोझरीच्या भूमीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज उभारला आणि गावाने स्वतःच्या श्रमावर उभे राहावे अशी शिकवण दिली. त्या शिकवणीचा मान या तालुक्याने राखला आहे. पुरानंतर शेजाऱ्याचा बांध शेजारीच घालतो, सोंगणीला हात लागले तर ते गावातूनच मिळतात. परंतु गाव स्वतः उभे राहते म्हणून सरकारने बसून राहावे, असा त्या शिकवणीचा अर्थ कोणी लावू नये. पुढचा पाऊस केव्हा आणि किती येईल ते कोणाच्याच हाती नाही. त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र पूर्णपणे सरकारच्या हाती असतात, आणि जनता त्याच पंधरा दिवसांवरून सरकारची परीक्षा करणार आहे.