सागरतळीचा पाहुणा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट हे संत्र्यांचे गाव. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. येथील मुलांपैकी बहुतेकांना सागरतळाचे दर्शन घडते ते छायाचित्रांतूनच. तेव्हा ही छायाचित्रे कोणत्या रीतीने घेतली जातात, याचा विचार त्यांनीही केला पाहिजे.

फ्रान्समधील लुई बुताँ या शास्त्रज्ञाने 1893 साली पाण्याखाली छायाचित्रे घेतली. त्या काळी एका चित्रासाठी कधी कधी अर्धा तास लागे. पुढे 1943 साली कुस्टो व गान्यां यांनी पाठीवरील टाकीतून श्वास घेण्याचे साधन सिद्ध केले आणि मनुष्य पाण्यात मोकळेपणाने संचार करू लागला. आज मालवण-तारकर्ली येथे हौशी प्रवासीही बुडी मारून मासे व प्रवाळ पाहतात. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा 1987 साली झाली.

पाण्याखालचे चित्र घेणे सोपे नाही. पाणी प्रथम तांबडा प्रकाश शोषून घेते, नंतर नारिंगी. शेंदूरजनाघाटचे पिकलेले संत्रे वीस-पंचवीस मीटर खोल नेले, तर तेही मळकट दिसेल. म्हणून छायाचित्रकार दिवा बरोबर नेतो. परंतु दिव्याहूनही त्याला अधिक गरज असते ती धीराची.

मोरे ईल हा सापासारखा लांबट मासा दिवसा बहुधा खडकाच्या कपारीत राहतो. तो सारखा तोंड उघडतो व मिटतो. पाहणाऱ्याला वाटते, हा चावायला येत आहे! वस्तुतः कल्ल्यांवरून पाणी वाहावे म्हणून तो असे करतो. तो त्याचा श्वासोच्छ्वास होय. जो स्वस्थ राहून पाहतो, त्यालाच हे उमगते. जो कपारीत हात घालतो किंवा काठीने डिवचतो, त्याला मात्र त्याचे तीक्ष्ण दात भोवतात. त्यात दोष माशाचा नव्हे.

काही जण मासे जवळ यावेत म्हणून त्यांना पाव चारतात; काही जण चित्रासाठी प्रवाळावर पाय रोवून उभे राहतात. प्रवाळांच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. वर्षानुवर्षांची ती वाढ एका पावलाने मोडते. अशा रीतीने मिळालेले चित्र कितीही सुंदर असले, तरी त्याची किंमत फार मोठी पडते.

कोणी म्हणेल, मग बुडी मारणेच बंद करावे. हे योग्य नव्हे. चित्रे नसतील, तर वऱ्हाडातल्या मुलाला सागरतळ कसा कळावा? आणि ज्याची ओळखच नाही, त्याच्या रक्षणाची काळजी कोण वाहील? मात्र जाणाऱ्याने पाहुण्यासारखे जावे. आंबिया बहरात संत्र्याची बाग पाहायला आलेल्या पाहुण्याने फांद्या हलवून फुले झाडली, तर बागवान त्याला पुन्हा बोलावील काय? सागरतळी जाब विचारणारा बागवान नसतो. म्हणून तेथे पाहुण्यानेच स्वतःला आवरले पाहिजे.